धाकलीबायचं मत

परवा शेजारची मुलगी तिची नवी चित्रकथा मला दाखवायला घेऊन आली. गुळगुळीत कागद, झगझगीत रंग, आकाशातून झेपावणारा कुणी महाबली. मी चष्मा लावला, पात्रांच्या तोंडून निघणारे बोलण्याचे फुगे अंगठ्याने झाकले आणि नुसती चित्रं पाहू लागले.

"आजी, वाचा ना. असं झाकून काय बघताय?"

"आधी चित्रं, मग अक्षरं," मी म्हटलं. "मला असंच शिकवलंय."

"कुणी?"

उत्तर द्यायला अख्खी दुपार लागली असती आणि तिला खेळायला जायचं होतं. म्हणून ते इथे लिहिते आहे.

पन्नासच्या दशकात मी वेसाव्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. वेसावे म्हणजे वर्सोवा, पण तिथली माणसं वेसावेच म्हणतात. माझे वडील तालुक्याच्या गावी शिंपीकाम करीत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं. मी बी.ए. झाले तेव्हा वडिलांनी पदवीचा कागद चौकटीत बसवून शिवणयंत्राच्या वर टांगला होता, आणि माप द्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी त्या कागदाखाली उभं राहावं लागे. त्या कागदाच्या जोरावर मी मुंबईला आले, अंधेरीला मावशीच्या दोन खोल्यांत राहिले आणि रोज बसने वेसाव्याला जाऊ लागले.

शाळा सुटल्यावर परतीच्या बसला बराच वेळ असे. थांब्याजवळ एक बदामाचं झाड होतं. त्याखाली सुक्या मासळीच्या टोपल्या मांडून एक कोळीण बसायची. उंच, रुंद खांद्यांची, आवाज असा की खाडीपलीकडून मढ गावच्या माणसाने ओ द्यावी. तिचं नाव धाकलीबाय. पाच बहिणींत शेवटची, म्हणून धाकली. तिच्या प्रत्येक टोपलीच्या काठावर कोयत्याने कोरलेली एक खूण होती, दोन तिरक्या रेघा आणि मध्ये टिंब. तीच खूण त्यांच्या जाळ्यांना बांधलेल्या लाकडी तरंगांवर आणि तिच्या नवऱ्याच्या होडीवर. दुसऱ्या कुणाच्या वस्तूवर ती चालत नसे.

पहिल्यांदा मी तिच्याकडे मावशीसाठी बोंबील घ्यायला गेले. मासळी बांधायला तिच्याजवळ रद्दीचा गठ्ठा होता. तिने वरचं पान उचललं, पाहिलं, बाजूला ठेवलं. दुसरं उचललं, तेही बाजूला ठेवलं. तिसऱ्यात बोंबील बांधले.

"ती पानं फाटली होती का?" मी विचारलं.

"फाटली कशाला? त्यात जल्या हाय."

बाजूला ठेवलेली पानं तिने मांडीखालून काढून दाखवली. मुलांच्या एका साप्ताहिकात तेव्हा 'जलशार्दूल' नावाची चित्रकथा चालू होती. निळा मुखवटा, पाठीवर लाल झूल, पाण्याखाली घटकाभर श्वास रोखणारा आणि एका हाताने जहाज उचलणारा हा वीर शाळेतल्या सगळ्या मुलांचा जीव की प्राण होता. धाकलीबायला अक्षर ओळखत नव्हतं. रद्दीतून येतील ती पानं, येतील त्या क्रमाने, ती नुसती पाहायची. कधी जलशार्दूल आधी सुटायचा आणि दोन महिन्यांनी पकडला जायचा. तिचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

"तू मास्तरीन ना गो?" ती म्हणाली. "मंग हे कं बोलतात ते सांग मना."

मी पहिला फुगा वाचायला तोंड उघडलं, तर तिने पानावर पंजा ठेवला. "थांब. आदी मी सांगते कं झालं. मंग तू वाच. बगू चितारी खरा का लिवनारा खरा."

तेव्हापासून आमचा नेमच झाला. साप्ताहिकाचा ताजा अंक मी विकत घेऊ लागले, मावशीला सांगितलं की शाळेसाठी लागतो. बदामाखाली पाट मांडलेला असायचा. धाकलीबाय पान गुडघ्यावर पसरायची, फुगे अंगठ्याने एकेक झाकायची ("यांना जरा गप करते") आणि चित्रांवरून गोष्ट सांगायची. मग मी शब्द वाचायचे. दोन्ही जुळलं की ती मान हलवून म्हणायची, "झालं, दोगं एका होरीत हायत." होरी म्हणजे होडी, त्यांच्या बोलीत ड चा र होतो. नाही जुळलं की भांडण.

ते भांडण ऐकण्यासारखं असे. एकदा शब्द होते, 'भयंकर झंझावात सुटला!' तिने चित्रातल्या निशाणावर बोट ठेवलं. ते ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. "झंजावात कुटं हाय? लिवनाऱ्याच्या तोंडात?" जलशार्दुलाच्या लाल झुलीचा तर तिला मनापासून राग होता. "पान्यात उरी मारनारा मानूस पाठीवर चादर बांधतो कं? पयल्याच जाल्यात अडकंल मेला. मंग याला कोन सोडवनार, मी?" खलनायकाच्या लांबलचक भाषणांना ती हसायची. जलशार्दूल दोरावर लोंबकळत चार वाक्यांचा उपदेश करायचा त्याला मात्र ती हसत नसे, चिडायची. "दोर हातात असला की मानूस बोलत नाय, मास्तरीन. दात आवळतो. याचे दात बग, मोकले."

कांचनमाला नावाची नायिका होती. ती दर दोन अंकांनी बेशुद्ध पडायची. "हिला घरचे जेवायला देत नाय कं?" धाकलीबाय विचारायची. आणि सगळ्यात मोठी तक्रार तिने एका दुपारी सुकट निवडता निवडता सहज केली. मला ती आजही पुरी पटते. "एवरा समुद्र काढलाय, वर्स झालं. त्यात एक मासा नाय."

पण ती नुसती खोड काढणारी नव्हती. चित्रकाराचे हात तिला फार आवडत. म्हणजे त्याने काढलेले हात. एका चौकटीत म्हातारा खलाशी नातीच्या डोक्यावर हात ठेवतो. त्या हाताची करंगळी वाकडी काढली होती. धाकलीबायने ते पान कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. "ही करंगली दोराने मोरलेली हाय," ती म्हणाली. "चिताऱ्याने असा मानूस बगितलाय. ही मनातली नाय." ते पान तिने घरी देवाच्या फळीवर ठेवलं.

मी कॉलेजात कविता शिकले होते, रस शिकले होते, उत्तरपत्रिकेत 'साधार स्पष्ट करा' याला चांगले गुण मिळवले होते. आधार म्हणजे काय ते मला त्या वाकड्या करंगळीने कळलं. पुढे तीस वर्षं वर्गात मी तेच शिकवलं.

मग आषाढातला तो अंक आला.

त्या आठवड्यात गोष्ट मुंबईजवळच्या एका कोळीवाड्यात शिरली होती. धाकलीबायने पान पसरलं आणि नेहमीसारखं बोलायला सुरुवातच केली नाही. मी पाहू लागले. धो धो पाऊस, डोंगराएवढ्या लाटा, कोळीवाड्याच्या सगळ्या होड्या समुद्रात सापडलेल्या. जलशार्दूल एकेक होडी ओढून किनाऱ्याला आणतो आणि शेवटच्या चौकटीत म्हातारा नाखवा, म्हणजे होडीचा मालक, रडत त्याचे पाय धरतो.

"उट," ती म्हणाली. मला दंडाला धरून तिने किनारा दिसेल तिथपर्यंत नेलं. तिथे वेसाव्याच्या सगळ्या होड्या वाळूत वर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या होत्या. "नारली पुनवेला नारल दिल्याबिगर आमची होरी पान्यात जाते कं? आकाडात सगला कोलीवाडा दर्यात? आमी येरे कं, डोकं फिरलेले?"

परत आल्यावर तिने होडीच्या चित्रावर बोट ठेवलं. डोलकाठी सरळ, ताठ उभी होती आणि तिला चौकोनी शीड. "आमची डोलकाठी पुढं झुकते. तू रोज बगतेस, तुना दिसलं नाय? ही होरी कुटल्या मुलकाची हाय देव जाने. चिताऱ्याने कुटून तरी उचललीय." मग रडणाऱ्या नाखवाच्या चित्राकडे तिने नुसतं पाहिलं. "आमचा नाखवा वादलात रडत नाय. शिव्या देतो."

"धाकलीबाय, हे संपादकांना कळवायला हवं," मी म्हणाले.

"मंग लिव. मी सांगते. पन नाव माजं घाल. इथली पोरं ही पानं वाचून मोठी व्हायचीत. त्यांना कलू दे, वेसाव्याच्या बाईने चूक धरली."

तिने सांगितलं, मी वहीत उतरवलं. घरी जाऊन मी ते पक्कं केलं, आणि ते करताना माझ्या हातून जे झालं ते लिहायला आजही बरं वाटत नाही. 'होरी'ची मी नौका केली. 'मेला' गाळला. 'वास्तवाशी विसंगत' असे दोन-तीन शब्द घातले. आणि खाली सही केली माझी, नावापुढे बी.ए. लावून. मला वाटलं, कोळणीचं पत्र म्हणून ते लोक हसतील, केराच्या टोपलीत टाकतील. खरं आणखीही काही होतं. वडिलांच्या घरची बोली मी स्वतः तोंडातून धुऊन काढली होती, त्याला फार वर्षं लागली होती. दुसऱ्या कुणाची बोली कागदावर तशीच ठेवायची माझी छाती झाली नाही.

पत्र छापून आलं. मी धावतच बदामाखाली गेले आणि वाचून दाखवलं. धाकलीबायने शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "कोनाचं हाय?"

"तुमचंच की."

"माजं नाव कुटं हाय? बोट ठेव."

माझं बोट जागच्या जागी राहिलं.

"यात होरी पन नाय, मी पन नाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी ओशाळून बोंबील मागितले. तिने मांडीखालून जलशार्दुलाचं एक पान काढलं, माझ्या देखत त्यात बोंबील बांधले आणि पुडी माझ्या हातात दिली. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून ती बोलू लागली.

पंधरा दिवस पाट मांडला गेला नाही. मी बसच्या थांब्यावर दुसरीकडे तोंड करून उभी राहायची. मावशीने विचारलं, "अगं, हल्ली अंक आणत नाहीस तो?" मी म्हटलं, शाळेचं काम संपलं. ते पुडीचं पान मी पुसून, वाळवून वहीत ठेवलं होतं. वास काही गेला नाही.

सोळाव्या दिवशी मी वही आणि दौत घेऊन सरळ तिच्यापुढे जाऊन बसले.

"परत सांगा. एक अक्षर बदलणार नाही."

"नाय बदलनार? मंग 'मेला' पन लिवशील?"

"लिहीन."

"दोनदा?"

"सांगाल तितक्यांदा."

ती खदखदून हसली, टोपल्या हलल्या. मग सांगू लागली, आणि या वेळी जास्तच सांगितलं. झूल, लोंबणारं निशाण, उपाशी कांचनमाला, समुद्रात नसलेला मासा, सगळं. वाकड्या करंगळीचं कौतुकही सांगितलं. "ते आदी लिव. चांगलं असंल ते आदी बोलावं." लिहून झाल्यावर तिने सगळं दोनदा वाचून घेतलं. मी खाली लिहिलं, 'धाकलीबाई कोळी, वेसावे.' तिने टाक घेतला आणि नावाखाली, टोपलीवर काढतात तशी, दोन तिरक्या रेघा आणि मध्ये टिंब काढलं. त्यासोबत मी वेगळ्या कागदावर संपादकांना कळवलं, की मागचं पत्र या बाईंचं होतं, माझी सही तिथे चुकीने आली, आणि हे पत्र छापायचं तर आहे तसंच छापावं.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात गेल्या. पत्र छापून आलं नाही. धाकलीबाय रोज विचारायची, "आलं?" मी मान हलवायची. विचारताना ती माझ्याकडे पाहायची नाही, टोपली नीट करायची. तिला किती लागलं होतं ते मला त्यावरून कळायचं.

एका रविवारी माझ्या पत्रावरचा पत्ता शोधत मावशीच्या दारात एक किडकिडीत, चष्मेवाला तरुण उभा राहिला. काखेत कागदांची गुंडाळी. "धाकलीबाई कोळी कुठे भेटतील?" तो जलशार्दुलाचा चित्रकार होता. मी त्याला वेसाव्याला घेऊन गेले.

धाकलीबायने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हात दाखव," ती म्हणाली. त्याने दाखवले. शाईने काळी झालेली बोटं पाहून तिचं समाधान झालं. "आता सांग. ती होरी कुटून उचलली?"

तो खाली पाहू लागला. "एका परदेशी कॅलेंडरवरून. बाई, मी गिरगावातला. समुद्र पाहिला तो चौपाटीवर बसून."

"आन करंगली?"

"ती माझ्या आजोबांची. गोदीत होते."

"तेच मी म्हनते ना!" ती माझ्याकडे वळून ओरडली, मीच वाद घातल्यासारखी.

तिच्या नवऱ्याने होडी काढली. आम्ही खाडीच्या तोंडापर्यंत गेलो. वारा चांगला होता. धाकलीबायने शिडाचा दोर चित्रकाराच्या हातात दिला. शीड फुगलं, दोर ताणला गेला, त्याचा चष्मा नाकावरून घसरला.

"आता बोल," ती म्हणाली. "जल्या बोलतो तसं. 'हे दुष्टा, थांब!' बोल ना."

त्याचे दात घट्ट आवळलेले होते. तोंडातून फक्त "अं" निघालं.

"बगलंस? आता तुजं तोंड काढ. तेच तोंड जल्याचं."

"पण बाई, शब्द मी लिहीत नाही," दोर सुटल्यावर तो धापा टाकत म्हणाला. "लेखक दुसरे गृहस्थ आहेत."

"मंग पुढच्या आयतवारी त्यांना पन आन. होरीत जागा हाय."

ते गृहस्थ काही आले नाहीत. पण चित्रकार संध्याकाळपर्यंत वाळूत बसून डोलकाठ्या काढत होता. निघताना त्याने धाकलीबायला वाकून नमस्कार केला, आणि एरवी कुणालाही न बुजणारी ती बाई पदर सावरत "अरे रे, उट, उट" करू लागली.

पुढच्या महिन्यात तो अंक आला. मी पत्रांचं पान आधी उघडणार होते. तिने हात धरला. "आदी चित्रं."

पावसाळा सरलेला. कोळीवाड्याच्या होड्या रांगेने निघालेल्या, डोलकाठ्या पुढे झुकलेल्या. दोर ओढणारा जलशार्दूल, ओठ मिटलेले, दात आवळलेले. फुगा नव्हताच. झूल होती, ती बहुधा लेखकाने सोडली नसावी. खालच्या कोपऱ्यात, पाण्यात, एक सुरमई. धाकलीबायचं बोट चौकटीवरून हळूहळू सरकत गेलं आणि पहिल्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, थांबलं. तिथे दोन तिरक्या रेघा होत्या. मध्ये टिंब.

तिला वाचून दाखवायची गरज नव्हती. "ही आमची होरी," ती म्हणाली. मग त्या खुणेवरून तिने पुन्हा एकदा बोट फिरवलं.

नंतर मी पत्र वाचलं. सगळं जसंच्या तसं, दोन्ही 'मेला'सकट. खाली तिचं नाव. या खेपेला माझं बोट बरोबर जागेवर गेलं. तिने आपलं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं आणि अक्षरं मोजली. "एवरं मोटं हाय माजं नाव?"

त्यानंतर वर्षभरात माझं लग्न ठरलं आणि मला मुंबई सोडावी लागली. शेवटच्या दिवशी बस सुटता सुटता मी खिडकीतून बदामाखाली पाहिलं. धाकलीबायने कुठल्या कुठल्या रद्दीवाल्यांना सांगून त्याच एका अंकाच्या प्रती गोळा केल्या होत्या. शेजारी त्यांचा गठ्ठा होता. जलशार्दुलाचं पान फाडून ती मांडीखाली सरकवत होती आणि पत्रांच्या पानात, नाव बाहेरच्या अंगाला येईल अशी घडी घालून, बोंबील बांधत होती. पुढे अंधेरीची कुणी बाई पिशवी उघडून उभी होती. बस हलली तरी धाकलीबायचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"कागद टाकू नको गो. आदी वाच. मंग बोंबील शिजव."